मदत हवी आहे: ब्रॉयलरला प्रोबायोटिक की लसूण-हळद?

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात आमचं ब्रॉयलरचं शेड आहे. करारावर नाही, पिल्लं आणि खाद्य आमचंच. तिसऱ्या आठवड्यात विष्ठा पातळ होते, खालचं तूस ओलं राहतं, पक्षी खातात पण वजन धरत नाहीत. विष्ठेत रक्त नाही. डॉक्टरांनी मेलेला पक्षी उघडून कॉक्सी (आतड्याचा परजीवी रोग) नसल्याचं सांगितलं. वाढीसाठी अँटिबायोटिक चारायचं नाही हे घरात पक्कं आहे. कोंबड्यांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायला तर २०१९ पासून बंदीच आहे.

दुकानदार म्हणतो, पाण्यातून लॅक्टोबॅसिलस हे प्रोबायोटिक (आतड्याला उपयोगी जिवंत जिवाणू) द्या. पण बोअरच्या पाण्यात आपण ब्लिचिंग टाकतो, त्या क्लोरीननं हे जिवाणू मरणारच ना? तुम्ही त्या दिवशी ब्लिचिंग बंद ठेवता, की खाद्यातच बॅसिलस सबटिलिस हे दुसरं प्रोबायोटिक मिसळता? त्याचे बीजाणू खाद्याच्या गोळ्या (पेलेट) बनवतानाच्या उष्णतेतही टिकतात, म्हणून माझा कल तिकडं आहे. हळद-लसूण पावडर वापरणाऱ्यांनी टनाला किती किलो टाकता आणि एफसीआर (किलोभर वजनवाढीला लागणारं खाद्य) खरंच उतरला का, ते सांगावं. नुसतं ‘रिझल्ट भारी’ नको, वजनं सांगा. (लसणाचा वास चिकनला लागतो का, हे आई रोज विचारते.)

आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुणी विष्ठा तपासून घेतली आहे का? नमुना कसा न्यायचा?