चाकणची पहिली नोकरी: बाँड असताना सोडावी का?

चाकण_ट्रेनी:
मेकॅनिकल झालंय. चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत जीईटी (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी) म्हणून लागून वर्ष होत आलं. मुलाखतीत डिझाईन म्हणाले, टाकलं इनकमिंग क्वालिटीत (सप्लायरकडून आलेला माल तपासायचा). दिवसभर व्हर्नियर, हाइट गेज ही मापं घ्यायची साधनं आणि एक्सेल. बाँड दोन वर्षांचा, आधी सोडलं तर दीड लाख भरायचे. नोटीस 60 दिवसांची. राजीनामा देऊन कॅटियाचा (डिझाईनचं सॉफ्टवेअर) क्लास लावावा का? घरचे म्हणतात, दोन वर्षं काढ.

गेज_मास्तर:
क्लाससाठी राजीनामा अजिबात नको. क्लासमध्ये बटणं शिकवतात. डिझाईनच्या मुलाखतीत विचारतात ते वेगळंच: डेटम (जिथून मापं धरतात तो संदर्भ) इथेच का घेतला, टॉलरन्स स्टॅक-अप (सगळ्या मापांतल्या चालणाऱ्या फरकांची बेरीज) कसा काढलास, पार्ट डायमधून (साच्यातून) निघेल का. याची उत्तरं तुझ्या टेबलावर रिजेक्ट होऊन पडलेली असतात.

एक ड्रॉइंग घे आणि त्याच पार्टचा सीएमएम (मापं घेणारं कोऑर्डिनेट मशीन) रिपोर्ट शेजारी ठेव. ड्रॉइंगवरचा डेटम आणि सीएमएम प्रोग्रॅममधला डेटम एकच आहे का, ते बघ. नसेल तर पोझिशनचे आकडे चुकीचे येतात आणि चांगला मालही परत जातो. मग एका गेजचा आर अँड आर कर, म्हणजे परत परत आणि वेगवेगळ्या माणसांनी मोजलं तर आकडा किती हलतो ते बघ: 10 पार्ट, 3 ऑपरेटर, प्रत्येकाची 2 किंवा 3 वाचनं. हा फरक 10 टक्क्यांच्या आत आला तर गेज उत्तम, 30 च्या वर गेला तर त्या गेजवर निर्णय घेऊच नये. सप्लायरच्या 8डीमध्ये (दोषाचं कारण आणि उपाय सांगणारा रिपोर्ट) मूळ कारण म्हणून 'ऑपरेटरला समज दिली' असं लिहिलं असेल तर तो रिपोर्ट परत पाठव. (हे वाक्य सगळीकडे सापडतं!) पीपॅपची (नव्या पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं) एखादी फाइल 18 घटकांसकट वाचून काढ.

मागूनही यातलं काहीच करू देत नसतील तर मात्र दुसरीकडे बघ. पण हातात ऑफर आल्याशिवाय सोडू नकोस.

पेरोलवाली:
कामाचं वर गेज_मास्तरांनी सांगितलंय, मी कागदांचं सांगते.

'बाँड कोर्टात टिकत नाही' यावर विसंबू नका. विजया बँकेच्या प्रकरणात 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने किमान तीन वर्षं नोकरी, नाहीतर 2 लाख, ही अट वैध धरली. अर्थात ती सरकारी बँक, भरतीचा खर्च हा तिथला मोठा मुद्दा होता. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 74 प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. म्हणून एचआरला विचारा: ट्रेनिंगवर नेमका खर्च काय झाला आणि झालेल्या महिन्यांच्या प्रमाणात रक्कम कमी होते का? उत्तर मेलवरच घ्या. नोटीस किंवा बाँडच्या वसुलीवर जीएसटी लावला तर 2022 चं सीबीआयसीचं (केंद्राचं अप्रत्यक्ष कर मंडळ) परिपत्रक दाखवा, तो लागत नाही.

नोटीस कमी भरली तर वसुली बेसिकवर (मूळ पगार) की ग्रॉसवर (एकूण पगार), हे लेटरमध्ये बघा. फरक मोठा पडतो. न सांगता गायब होऊ नका. रिलीव्हिंग लेटर अडतं आणि नव्या कंपनीच्या पडताळणीत तेच आधी मागतात.

पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या आत काढला तर सहसा करपात्र होतो आणि पेन्शनसाठी लागणाऱ्या 10 वर्षांतली ही सेवाही जाते. स्लिपवर पीएफ दिसतच नसेल तर तुम्हाला अप्रेंटिस म्हणून घेतलंय का, तेही तपासा.

चाकण_ट्रेनी:
लेटर काढलं. वसुली ग्रॉसवर आहे, ट्रेनिंगच्या खर्चाचा उल्लेख कुठेच नाही. पीएफ कापतात. सीएमएमवाल्या दादांना उद्या विचारतो. नवी कंपनी नोटीसचे पैसे भरते का?

पेरोलवाली:
काही भरतात. पण ते तुमच्या उत्पन्नात धरून कर कापला जातो, आणि वर्षाच्या आत सोडल्यास परत मागतात. ऑफरवर सही करण्याआधी लेखी घ्या. वर्षाच्या मध्ये बदललात तर जुन्या पगाराचा आकडा ठरलेल्या फॉर्ममध्ये नव्या कंपनीला द्या, नाहीतर दोन्हीकडे सूट धरली जाते आणि रिटर्न भरताना कर अंगावर येतो.