मदत हवी आहे: केमोआधी स्त्रीबीजं गोठवायची आहेत, १० वर्षांची अट लागते का?

जुळेसोलापूर:
चुलतबहीण, वय २९, अविवाहित. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, तीन आठवड्यांनी बार्शीला केमो सुरू होईल. डॉक्टरांनी त्याआधी बीजं गोठवून घ्या म्हणून सांगितलंय. इथल्या एका सेंटरच्या फॉर्मवर ‘१० वर्षांनी नष्ट’ असं छापलंय. काका विचारतात, मग उपयोग काय? सातच बीजं काढता येतात हेही कानावर आलंय. आणि लग्न झालेलं नसताना चालतं का? जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

कलमवाचक:
लग्नाची अट नाही. २०२१ चा एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा २१ च्या पुढच्या आणि ५० च्या आतल्या कोणत्याही स्त्रीला हे उपचार घेऊ देतो. सात बीजांची मर्यादा दात्रीसाठी आहे, बहिणीला लागू नाही.

कलम २८ मधली १० वर्षं ‘दात्याचं बीज किंवा भ्रूण’ यांच्यासाठी आहेत. दाता म्हणजे दुसऱ्याला मूल व्हावं म्हणून देणारा. स्वतःसाठी ठेवलेलं बीज त्यात बसत नाही. तरी फॉर्म सरसकट एकच असतो. सही करण्याआधी ते वाक्य खोडायला लावा आणि ‘लेखी अर्जावर मुदतवाढ, कळवल्याशिवाय नष्ट करू नये’ असं लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या. गाठ हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारी) असेल तर पाच ते दहा वर्षं गोळ्या चालतात आणि मूल लांबणीवर पडू शकतं, म्हणून हे वाक्य महत्त्वाचं.

पुढे लग्नानंतर सगळ्याच बीजांची भ्रूणं करून ठेवू नका. भ्रूण स्वतःचं असलं तरी गोठवलं की १० वर्षांचं बंधन आलंच.

बहिणीचं काही बरंवाईट झालं तर बीजांचं काय करायचं, तेही लेखी द्यावं लागतं. अवघड प्रश्न आहे, पण तिचं उत्तर तिलाच लिहू द्या.

लॅबताई:
तीन आठवडे पुरतात, पण याच आठवड्यात जा. पाळीची वाट बघायची गरज नाही. बीजं वाढवायची इंजेक्शनं कुठल्याही दिवशी सुरू होतात, साधारण १०–१२ दिवस चालतात. इस्ट्रोजेन हे हार्मोन फार वाढू नये म्हणून सोबत लेट्रोझोलच्या गोळ्या देतात. कॅन्सरच्या डॉक्टरांचं पत्र न्या. सेंटर लेव्हल २ नोंदणीचंच हवं, लेव्हल १ ला बीज काढता येत नाही.

पावतीवर ‘काढलेली १४’ एवढंच नको. त्यातली पक्व, म्हणजे एम-टू, किती आणि गोठवली किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. कच्ची बीजं सहसा गोठवत नाहीत. प्रत्येक स्ट्रॉवर (बीज ठेवतात त्या बारीक नळीवर) नाव, नोंदणी क्रमांक, तारीख हवी. बीजं ज्यात थंड ठेवतात त्या टाकीतल्या द्रव नायट्रोजनची पातळी कोण, कधी तपासतं, त्याची वही दाखवा म्हणा.

जुळेसोलापूर:
खूप आभार. नंतर पुण्याला हलवता येतील का?

लॅबताई:
येतील. ड्राय शिपरमधून, म्हणजे नायट्रोजनने थंड ठेवलेल्या वाहतुकीच्या डब्यातून नेतात, तो उभाच राहायला हवा. आडवा झाला तर थंडावा लवकर संपतो. दोन्ही सेंटरची पत्रं आणि बहिणीची सही लागेल. परदेशी न्यायची झाली तर एआरटी कायद्याखालच्या राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. आणि मोबाईल नंबर किंवा पत्ता बदलला की सेंटरला लेखी कळवून पोच घ्या, नूतनीकरणाची सूचना तिथेच येते. काकांचाही नंबर फॉर्मवर द्या.