जुन्या पिकअपमध्ये भंगारातून आणलेल्या कारच्या सीटा बसवाव्यात का?

बेदाणा-२०७

नमस्कार. माझ्याकडे २००६ सालची टाटा २०७ डीआय पिकअप आहे. द्राक्षांच्या हंगामात पेट्या घेऊन तासगावहून वाशीच्या बाजारात सतत जावे लागते, म्हणजे एका बाजूने सुमारे साडेतीनशे किलोमीटर, आणि तेही बहुतेक रात्रीचे. गाडीची मूळची बाकासारखी सलग सीट इतक्या वर्षांत पार बसली आहे. चालकाच्या बाजूला फोमचा भुगा झाला असून स्प्रिंग रेग्झीनमधून मांडीला टोचते, आणि वाशीला उतरल्यावर कंबर सरळ व्हायला अर्धा तास लागतो.

गेल्या महिन्यात कोल्हापूरला गेलो असताना जुन्या गाड्या तोडणाऱ्या एका दुकानात कुठल्याशा सेदानच्या पुढच्या दोन सीटा साडेचार हजारांत मिळाल्या. कापड जवळपास नवे होते आणि पाठ मागेपुढे होत होती, त्यामुळे मोह आवरला नाही. घरी जुनी सीट काढून या दोन्ही केबिनमध्ये नुसत्या ठेवून पाहिल्या. पहिली अडचण अशी, की सीटचे चार पाय एका पातळीत नाहीत; दाराकडचे दोन पाय आतल्या दोघांपेक्षा बरेच आखूड आहेत. दुसरी अशी, की पाठ इतकी जाड आहे की केबिनच्या मागच्या भिंतीला टेकवूनही मी स्टिअरिंगच्या चार बोटे जास्त जवळ येतो. शिवाय बसल्यावर गुडघे वर आणि कंबर खाली, अशी आरामखुर्चीसारखी अवस्था होते.

आमचा वेल्डर म्हणतो, की चाळीस मिलिमीटरचा लोखंडी अँगल सरळ तळाच्या पत्र्याला वेल्ड करू, वर तेराच्या पान्याचे, म्हणजे आठ मिलिमीटरचे बोल्ट मारू, तासाभराचे काम आहे. मला मात्र ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्याला समजावून सांगता येत नाही. गाडीच्या नोंदणीत चालक धरून तीन माणसे आहेत, हेही सांगून ठेवतो. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सतराचा पाना

आपल्याला जे पटत नाही ते बरोबरच आहे, म्हणून वेल्डरला आधी थांबवा. आता कारण सांगतो, तेच त्यालाही वाचून दाखवा.

कारची सीट ही नुसती बसायची जागा नसते. बहुतेक कारमध्ये पट्ट्याचे बक्कल सीटच्याच सांगाड्याला जोडलेले असते, म्हणजे टक्कर झाली की माणसाला रोखून धरणारा ताण बक्कलातून सीटच्या रेलमध्ये, म्हणजे सीट ज्यावर मागेपुढे सरकते त्या पट्ट्यांमध्ये, रेलमधून पायांत आणि पायांतून तळाच्या बोल्टमध्ये उतरतो. जोराच्या टकरीत शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट बल सहज येऊ शकते. सत्तर किलोच्या माणसाचा हिशेब केला तर ते चौदाशे किलो वजनाइतके होते. त्यातला मोठा वाटा तेराच्या पान्याच्या दोन बोल्टवर आणि साधारण मिलिमीटरभर जाडीच्या जुन्या पत्र्यावर येणार असेल, तर बोल्ट तुटण्याची वाटच पाहावी लागत नाही. पत्रा फाटतो आणि बोल्ट वेल्डसकट उपटून बाहेर येतो. वेल्डशेजारचा पत्रा उष्णतेने आणखी नरम झालेला असतो, आणि त्याखाली गंज किती आहे ते वरून दिसत नाही.

म्हणून पहिला नियम असा, की पिकअपचे मूळ पट्टे आणि केबिनच्या तळाला व खांबाला असलेल्या त्यांच्या मूळ जागा बदलू नका. सेदानच्या सीटला बक्कल असेल तर ते काढून टाका आणि तळावरचेच बक्कल वापरा. पट्ट्याच्या जागी सहसा ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांचा खास बोल्ट असतो. तो हरवला म्हणून जवळपासच्या मापाचा मिलिमीटरी बोल्ट जबरदस्तीने पिळून बसवू नये. टक्कर झालेल्या गाडीचे पट्टे तर कधीच वापरू नयेत, कारण एकदा ताणलेला पट्टा दिसायला चांगला असला तरी त्याचे काम संपलेले असते.

आता सीटचे पाय. आखूड-लांब पाय हा दोष नाही. त्या कारमध्ये दाराकडचा पाय उंबरठ्याच्या उंचवट्यावर आणि आतला पाय खोलगट तळावर बसत असावा, म्हणून ते तसे घडवलेले आहेत. पाय कापून किंवा ठोकून सारखे करण्याच्या फंदात पडू नका. चाळीस बाय चाळीस, तीन मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपची एक स्वतंत्र चौकट बाहेर टेबलावर तयार करून घ्या आणि उंचीतला फरक चौकटीतच भरून काढा. ती चौकट शक्यतो जुन्या बाकाच्या मूळ भोकांवरच बसवा, कारण कारखान्याने तिथे आतून जादा पट्टी दिलेली असते. नवे भोक पाडावेच लागले तर खालून तीन मिलिमीटरची, साधारण पंचाहत्तर मिलिमीटर चौरस आणि कोपरे गोल केलेली पट्टी द्या. कोपरा टोकदार राहिला तर टकरीत तोच पत्रा चिरतो. चौकोनी पाइपमधून बोल्ट जातो तिथे आत नळीचा तुकडा वेल्ड करून घ्या, नाहीतर बोल्ट आवळताना पाइप चेपतो आणि महिनाभरात बोल्ट सैल होतो. बोल्ट सतराच्या पान्याचे, म्हणजे दहा मिलिमीटरचे, डोक्यावर ८.८ कोरलेले असावेत. डोके कोरे असलेला बोल्ट फळीला चालतो, सीटला नाही.

एक चूक मी स्वतः फार वर्षांपूर्वी केली आहे. बळकटी हवी म्हणून मी एका जुन्या गाडीत लांब बोल्ट पत्र्यातून खाली थेट चासीला नेऊन आवळले होते. केबिन चासीवर रबरी गोट्यांवर बसलेली असते आणि खड्ड्यात दोन्ही वेगवेगळी हलतात. तीन महिन्यांत बोल्टभोवतीचा पत्रा भाकरीच्या कडेसारखा तडकला. सीट केबिनलाच बांधायची.

बसवून झाल्यावर सीट सरकवून पाहा. दोन्ही रेल समांतर नसतील तर एकाच बाजूची खटकी बसते आणि दुसरी अधांतरी राहते. हँडल सोडल्यावर दोन्हीकडून "खट्" ऐकू आले पाहिजे. शंका असेल तर वाकून बॅटरीच्या उजेडात दोन्ही दाते बघा.

राहिला बैठकीचा प्रश्न, आणि माझ्या मते खरी अडचण हीच आहे. सेदानमध्ये माणूस जमिनीच्या जवळ, पाय पुढे पसरून बसतो, म्हणून तिच्या सीटची पुढची कड उचललेली असते. पिकअपमध्ये आपण खुर्चीवर बसल्यासारखे बसतो आणि पेडल वरून दाबतो. चौकटीची मागची बाजू उंच करून हे थोडे साधते, पण डोके छताला लागू लागते. सीट बदलायचीच असेल तर सुमो किंवा सफारीची शोधा. १९८८ची टाटामोबाइल, १९९१ची सिएरा, १९९४ची सुमो आणि १९९८ची सफारी ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत आणि आपली २०७ त्याच टाटामोबाइलची वारस आहे. भोके जशीच्या तशी जुळतील असे मी म्हणत नाही. बैठकीचा ढंग मात्र जुळतो.

कुशनवाला

वरच्या उत्तरात राहून गेलेली एक गोष्ट तातडीने सांगतो. सीटखाली पिवळ्या रंगाची वायर किंवा पिवळे कनेक्टर आहे का ते आधी पाहा. पाठीच्या दाराकडच्या शिवणीवर एअरबॅगचे लेबल असेल, तर त्या सीटमध्ये न फुटलेली एअरबॅग असू शकते. तिला मल्टिमीटर लावून तपासू नका, बॅटरीची वायर जोडू नका आणि त्या सीटजवळ वेल्डिंग तर मुळीच करू नका. बक्कलाला पिवळी वायर असेल तर त्यातही पट्टा खेचणारी स्फोटक नळी असते.

दुसरे, कापड नवे आणि किंमत कमी दिसली की माझ्या मनात पहिला संशय पुराचा येतो. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ साली चिपळूणला पाणी शिरले, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या आणि त्यांतल्या कितीतरी सुटे भाग होऊन बाजारात आल्या. कापड धुता येते, फोम धुता येत नाही. कव्हरची खालची चेन उघडा, हात आत घाला आणि रेलच्या खाचेत स्क्रूड्रायव्हरचे टोक फिरवा. बारीक, करडी, कोरडी माती निघाली तर काय ते समजा.

पासिंगची रांग

माझी चार मालवाहू वाहने आहेत, त्यामुळे पासिंगचा अनुभव भरपूर आहे. आठ वर्षांवरील मालवाहू वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, म्हणजे आपली गाडी दरवर्षी निरीक्षकासमोर उभी राहणार. सलग बाक काढून दोन स्वतंत्र सीटा बसवल्या की तिघांची गाडी दोघांची होते, आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेले व प्रत्यक्ष यांत फरक पडतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला आहे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस सगळ्यात आधी हेच दाखवील.

म्हणून काम करण्याआधी आपल्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करा आणि उत्तरही लेखीच घ्या. "साहेब तोंडी हो म्हणाले" हे वाक्य पुढच्या वर्षी दुसऱ्या साहेबांसमोर चालत नाही.

कुशनवाला

मग मी माझ्या धंद्याचे बोलतो, त्यात माझा स्वार्थ आहे असे समजलात तरी हरकत नाही. जुन्या बाकाचा लोखंडी सांगाडा बहुधा धडधाकट असतो; गेलेला असतो तो फोम आणि एक-दोन स्प्रिंगा. सांगाडा सँडपेपरने घासून रेड ऑक्साइड मारायचा, तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी नवी घालायची, त्यावर जाड गोणपाट, त्यावर चाळीस डेन्सिटीचा फोम आणि सर्वांत वर बोटभर मऊ थर. स्वस्त फोम पहिल्या दिवशी मऊ लागतो म्हणून लोक फसतात. तो एका हंगामात पुन्हा बसतो. चालकाच्या पाठीला कंबरेच्या उंचीवर उंचवटा हवा, पण तो दुकानात अंदाजाने देता येत नाही. गाडी चालवायच्या कपड्यांत येऊन, मागचा खिसा रिकामा करून पंधरा मिनिटे बसावे लागते. खिशातले जाड पाकीट हेही कंबरदुखीचे एक कारण असते, पण ते कोणी ऐकत नाही.

बेदाणा-२०७

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी दोन्ही सीटा अंगणात उलट्या करून पाहिल्या. पिवळी वायर एकीलाही नाही, ही चांगली बातमी. मात्र रेलच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर फिरवला आणि वर्तमानपत्रावर चमचाभर माती पडली. कव्हर उघडले तर फोमवर वीतभर उंचीची तपकिरी रेघ होती, आणि खालच्या स्प्रिंगांचा गंज बोटाला लागत होता. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, की जुन्या मालाला गॅरंटी नसते.

जुन्या बाकाचा सांगाडा मात्र खरेच धडधाकट निघाला. चालकाच्या बाजूच्या दोन स्प्रिंगा तुटल्या आहेत, एवढेच. चार मूळ भोकेही गंजमुक्त आहेत. त्यामुळे नोंदणीला हात न लावता बाकच नवा करून घ्यायचे ठरवले आहे. सोमवारी तो कुशनच्या दुकानात जाईल. पाकीट घरी ठेवून मीही जाईन.

सेदानच्या सीटा सध्या गोठ्याशेजारी आहेत. आबा त्यांतल्या एकीवर बसून बेदाण्याच्या शेडकडे लक्ष ठेवतात आणि हीच गाडीत का बसवली नाहीस, असे रोज विचारतात.