जुनी नाट्यपदे, अभंग आणि वचने ऐकणाऱ्या ज्येष्ठांसाठी ऐकण्याची नवी सोय कशी लावावी? (सोलापूर)

बाळीवेस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. एस.टी.तून निवृत्त झाल्यापासून सकाळी आकाशवाणी आणि दुपारी कॅसेट असा त्यांचा नेम होता. आता टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या पलीकडे गेला आहे आणि नव्या पेठेतल्या ज्या दुकानात त्याचे पट्टे मिळत, तिथे मोबाइलची कव्हरे टांगलेली दिसतात. म्हणून त्यांच्या मोबाइलमध्ये गाण्यांचे एक अ‍ॅप घालून दिले. अडचण अशी की, अण्णा भीमसेनजींचा एक अभंग लावतात, त्याच्यामागून दुसराही बरा येतो, आणि चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत ते अ‍ॅप मिरवणुकीत वाजणाऱ्या एखाद्या रिमिक्सवर जाऊन पोहोचते. अण्णा चिडतात आणि मोबाइल उपडा ठेवून देतात. माझी मुलगीही त्याच खात्यावरून तिची गाणी ऐकते, त्याचा काही संबंध असेल का?

त्यांची आवड म्हणजे नाट्यसंगीत, अभंग आणि, आमची आजी कन्नड बोलणारी असल्यामुळे, लहानपणापासून कानावर पडलेली शरणांची, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतल्या शिवभक्तांची, कन्नड वचने. यांतले काय कुठे सापडेल, त्यांना स्वतःला ते कसे लावता येईल, आणि कपाटातल्या शे-दीडशे कॅसेटचे काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सल्ला द्यावा.

एकतारा

संबंध आहे, आणि मोठा आहे. पहिले काम म्हणजे अण्णांचे खाते वेगळे करा. बहुतेक सेवांच्या कौटुंबिक योजनेत प्रत्येकाला स्वतंत्र खाते मिळते. ते करायचे नसेल तर मुलीला तिची गाणी ऐकताना खासगी सत्र सुरू करायला सांगा, म्हणजे तिचे ऐकणे अण्णांच्या खात्यावर चढणार नाही.

मात्र खाते वेगळे केल्यावरही रिमिक्स येणारच नाही असे समजू नका, कारण अशा अ‍ॅपला अभंग म्हणजे काय हे आपल्याला कळते तसे कळत नाही. ध्वनीची काही मोजमापे ते करते, पण त्याचा मुख्य भरवसा ‘हे ज्यांनी ऐकले, त्यांनी आणखी काय ऐकले’ या हिशेबावर असतो. विठ्ठलाचा अभंग ऐकणाऱ्यांत आषाढीच्या आठवड्यात सगळ्या वयाचे लोक असतात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या यादीत विठ्ठलाच्याच नावाचे ठेक्यावर चढवलेले गाणे असते. यंत्राच्या दृष्टीने ती दोन गाणी शेजारी झाली. उलट १९३० च्या सुमाराच्या एखाद्या तबकडीवरच्या नाट्यपदाला ऐकणारेच मोजके असतील, तर त्याचे शेजारी ठरवायला यंत्राजवळ माहितीच नसते, म्हणून ते कोणाच्याही सूचनांत वर येत नाही. ऐकणारे कमी म्हणून सूचना नाही, आणि सूचना नाही म्हणून ऐकणारे कमी, असे ते चक्र आहे.

त्यामुळे या संगीतासाठी सूचनांवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सेटिंगमध्ये जाऊन आपोआप पुढचे गाणे लावण्याची सोय बंद करा. एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळणारी जी सोय असते, तीही बंद करा, कारण ख्यालाच्या शेवटच्या समेवर दुसरा आलाप चढला की ऐकणाऱ्याचा रसभंग होतो. मग शोधून-शोधून आपणच याद्या करा आणि त्या मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. १६० केबीपीएस दर्जाला तासाभराच्या गाण्यांना साधारण ७२ एमबी जागा लागते, म्हणजे साध्या मोबाइलमध्येही अण्णांना महिनोन्‌महिने पुरेल इतके संगीत सहज मावते.

हातमाग

मी पूर्व भागात राहतो आणि आमच्या घरी तेलुगू, मराठी, हिंदी असे तिन्ही चालते, म्हणून भाषेबद्दल तेवढे सांगतो. जिओसावनसारख्या अ‍ॅपमध्ये खाते उघडताना गाण्यांच्या भाषा निवडाव्या लागतात, आणि बहुतेक लोक घाईत हिंदी आणि मराठी एवढेच निवडून पुढे जातात. तिथे कन्नडही निवडा. दुसरे म्हणजे वचने शोधताना मराठीत किंवा इंग्रजीत न लिहिता कन्नड लिपीत शोधा. मोबाइलच्या कळफलकात कन्नड जोडता येते, आणि अण्णांना लिपी येत नसली तरी माइकचे चिन्ह दाबून, भाषा कन्नड ठेवून, तोंडी बोलता येते. लिपी बदलली की निकाल किती बदलतात, हे स्वतः पाहिल्याशिवाय पटत नाही. लहानशा संस्थांनी आणि मठांनी चढवलेली कित्येक ध्वनिमुद्रणे फक्त मूळ लिपीतल्या नावाने नोंदलेली असतात.

आपले ग्रामदैवत सिद्धेश्वर म्हणजे बाराव्या शतकातले वचनकार सिद्धरामेश्वर, तेव्हा सोलापूरकराने वचने ऐकावीत यात नवल काहीच नाही. सुरुवात मल्लिकार्जुन मन्सूर यांनी गायलेल्या वचनांपासून करा. ख्यालगायकीची सगळी ताकद शब्दांच्या सेवेला लावलेली तिथे ऐकू येते. बसवराज राजगुरू यांचीही ऐका.

पेटीवाला

एकतारा यांच्याशी सहमत आहे, फक्त मी आणखी पुढे जाऊन म्हणेन की अण्णांना अ‍ॅप देऊच नका, रेडिओ द्या. पंचाहत्तरीच्या माणसाला रोज यादी निवडायला लावणे हे सुख नव्हे. आकाशवाणीचे न्यूजऑनएअर नावाचे अ‍ॅप फुकट आहे. त्यात १९५७ पासून चाललेली विविध भारती ऐकू येते आणि अखंड शास्त्रीय संगीत देणारी ‘रागम’ ही २०१६ मध्ये सुरू झालेली वाहिनीही ऐकू येते. निवेदक गाण्याआधी गायकाचे, कवीचे, संगीतकाराचे नाव सांगतो, राग सांगतो. नवे संगीत कळण्याचा आपल्याकडचा खरा मार्ग तो होता. कानावर पडलेले नाव लक्षात राहायचे आणि मग त्या नावाची कॅसेट शोधली जायची. अ‍ॅपवर मात्र नाट्यपदाखाली अनेकदा फक्त गायकाचे नाव असते. कोणत्या नाटकातले, चाल कोणाची, साथीला कोण, याचा पत्ता नसतो, आणि वेगवेगळ्या कंपन्यांनी एकाच गायकाचे नाव चार तऱ्हेने लिहिलेले असल्यामुळे त्याची चार पाने तयार झालेली असतात.

तुम्ही स्वतः शोधून देणार असाल तर नुसते गायकाचे नाव टाकू नका, रागाचे नाव जोडून शोधा. मन्सूरांचे नाव आणि शेजारी शिवमत भैरव, बहादुरी तोडी किंवा खट असे लिहा. इंग्रजीत शोधताना त्यांच्या नावातला शेवटचा ‘ऊ’ एकदा ‘यू’ने आणि एकदा दोन ‘ओ’ंनी लिहून पाहा. यूट्यूबवर व्हिडिओखालचे वर्णन अवश्य वाचा, कारण जुने संग्राहक तिथे मैफलीचे वर्ष, गाव आणि साथीदार फार निष्ठेने लिहून ठेवतात. त्याखालची चर्चाही वाचण्यासारखी असते.

जाता जाता एक. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, म्हणून बालगंधर्वांचे नाटकात वन्समोअर घेत रंगणारे पद तबकडीवर आवळून आले. आज जागेचा प्रश्न उरला नाही, पण हिशेबाचा आला आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले की एक ऐकणे मोजले जाते, त्यामुळे चाळीस मिनिटांचा ख्याल पूर्ण ऐकला काय आणि चित्रपटगीत एकतीस सेकंद ऐकून सोडले काय, दोन्हींची नोंद एकच. आलापाला या हिशेबात काही किंमत नाही, आणि ख्यालगायकांनी त्यावर पोट भरावे अशी अपेक्षा कोणी करू नये.

एकतारा

रेडिओचे मान्य आहे, पण अण्णांना दुपारी दोन वाजता एक विशिष्ट पद ऐकावेसे वाटले तर रेडिओ ते लावणार नाही. दोन्ही ठेवा.

धुळीचीफीत

कॅसेटविषयी मी सांगतो, कारण तोच माझा उद्योग आहे. सगळ्या कॅसेटी उतरवण्याच्या भरीला पडू नका. कंपन्यांनी काढलेल्या बहुतेक कॅसेटींतले संगीत आज नेटवर आहे, आणि तुमच्या झिजलेल्या प्रतीपेक्षा चांगल्या आवाजात आहे. आधी वेगळ्या काढायच्या त्या घरी भरलेल्या कॅसेटी, म्हणजे रेडिओवरून टिपलेली मैफल, गल्लीतल्या भजनी मंडळाचे भजन, आजीने म्हटलेल्या ओव्या किंवा वचने. त्यांची जगात दुसरी प्रत नसते.

चालू स्थितीतला एखादा डेक कोणाकडून मागून घ्या. त्याचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा आणि काळा रबरी रोलरही पुसा. कॅसेट उघड्या बाजूने नीट पाहा. फितीमागे मधोमध फेल्टचा छोटा तुकडा असतो, तो गळून पडला असेल तर आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो, अशा वेळी फीत दुसऱ्या कवचात घालावी लागते. डेक लॅपटॉपला थेट जोडू नका, कारण लॅपटॉपच्या भोकात बहुधा फक्त माइकची सोय असते आणि स्टिरिओ ध्वनी एकेरी होऊन, फाटून येतो. यूएसबीला जोडायचे छोटे ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेकचा ध्वनी लॅपटॉपमध्ये नेणारे उपकरण, घ्या. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात एक बाजू न थांबवता पूर्ण मुद्रित करा आणि आवाजाची पातळी वरच्या टोकाला टेकू देऊ नका. सीडीच्या दर्जाला मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटला ६०० एमबी होतात. जपायची प्रत फ्लॅक या फाइलप्रकारात ठेवा, ती सुमारे निम्म्या जागेत बसते आणि त्यात ध्वनी काहीही गमावत नाही. मोबाइलसाठी एमपी३ वेगळी करा.

खरखर काढण्याच्या सोयीला मात्र जपून हात लावा. ते तंत्र सतत एकसारखा चालणारा ध्वनी हुडकून कमी करते, आणि तानपुरा हाही सतत एकसारखाच चालतो. खरखरीबरोबर तानपुऱ्याची आस जाते आणि गायक रिकाम्या खोलीत गात असल्यासारखा वाटतो. थोडी खरखर राहू द्यावी.

स्वतःच्या ऐकण्यासाठी प्रत करण्यात अडचण नाही, पण कंपनीच्या कॅसेटी उतरवून यूट्यूबवर चढवू नका. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो, आणि कवीचा व संगीतकाराचा हक्क त्याहून वेगळा असतो.

बाळीवेस (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. खाते वेगळे केले आणि आपोआप पुढे वाजणे बंद केले. कन्नडमध्ये बोलून शोधल्यावर मन्सूरांची वचने लगेच मिळाली. अण्णांनी ती सलग ऐकली आणि मधूनच आईला हाक मारून बसवून घेतले. आता आणखी दोन शंका. त्यांना एका पदाची चाल आठवते पण शब्द आठवत नाहीत, ते गुणगुणून शोधता येते का? आणि पाच हजार गाणी आधीच भरलेला, रेडिओसारखा दिसणारा तो कारवां घ्यावा का? त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येते, हेही सांगायला हवे.

एकतारा

गुणगुणण्यासाठी शझाम हे गाणे ओळखणारे अ‍ॅप उपयोगी नाही. ते वाजणाऱ्या ध्वनिमुद्रणाचा ठसा आपल्या साठ्यातल्या ठशांशी ताडून पाहते, म्हणून नेमके तेच मुद्रण वाजत असेल तरच ओळखते. हुतात्मा स्मृती मंदिरात कोणी तेच पद गायले तर ते गप्प बसते. गूगलने २०२० मध्ये गुणगुणून शोधण्याची सोय आणली, ती स्वरांच्या चढउतारावरून चाल ओळखते आणि चित्रपटगीतांत बरी चालते. नाट्यपदांत मात्र अनेक पदे एकाच रागाच्या अंगाने जातात, म्हणून तिचा नेम चुकतो. अण्णांचे गुणगुणणे मुद्रित करून इथेच टाका. पेटीवाला यांना ऐकवले की काम होईल.

पेटीवाला

टाका, मी पाहतो. निदान राग तरी सांगू शकेन, आणि राग कळला की नाटके चार-पाचांवर येतात.

कंबरतलाव

कारवां २०१७ मध्ये आला आणि त्याची मराठी आवृत्तीही आहे. मोठी बटणे, नेट नको, मोबाइल नको, हे त्याचे गुण. पण त्यात वचने मिळण्याची आशा धरू नका, आणि हवे ते एकच पद झटकन काढणे त्यात सोपे नाही. तुमच्याकडे याद्या तयार असतील तर तेवढ्याच पैशांत एक बरा स्पीकर येईल. अगदी तळहाताएवढा घेऊ नका, त्यात तबल्याचा बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा खर्जातला डग्गा, ऐकूच येत नाही. वायर लावायची सोय असलेला घ्या, म्हणजे ब्लूटूथ जोडताना अडले तरी ऐकणे अडणार नाही.

कानाच्या बाबतीत एक सेटिंग फार कमी लोकांना माहीत असते. अँड्रॉइडमध्ये सुलभता या विभागात मोनो ऑडिओ नावाची सोय आहे, आयफोनमध्येही ती आहे. ती सुरू केली की दोन्ही बाजूंचा ध्वनी एकत्र होऊन दोन्ही कानांत सारखा येतो. काही जुन्या स्टिरिओ मुद्रणांत गायक एका बाजूला आणि साथ दुसऱ्या बाजूला ठेवलेली असते. इअरफोन लावून ऐकणाऱ्याचा डावा कान मंद असेल आणि गायक डावीकडे असेल, तर त्याला नुसती पेटी आणि तबला ऐकू येतो आणि दोष मुद्रणाचा वाटतो. त्याच विभागात डाव्या-उजव्या आवाजाचे प्रमाणही बदलता येते. त्यांना समोर बसवून, एखादे ओळखीचे पद लावून, तो पट्टा हळूहळू सरकवून पाहा. तरीही शब्द अस्पष्टच वाटले तर कानांच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. हल्लीच्या काही श्रवणयंत्रांत मोबाइलचे गाणे थेट ब्लूटूथने येते, त्यामुळे यंत्र घ्यायचे ठरले तर ही सोय आहे का हे विकत घेण्याआधी विचारा. काही यंत्रांत संगीतासाठी वेगळी मांडणीही असते, तीही मागून घ्या, कारण बोलणे उठावदार करण्यासाठी बसवलेल्या मांडणीत तानपुरा आणि पेटी चमत्कारिक ऐकू येतात.