सात सीटर गाडी घेतोय, भाव नेमका कशात करायचा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीत राहतो. घरात सहा माणसं: आम्ही दोघं, मुलं (९ आणि ५ वर्षं) आणि सासू-सासरे. आत्ताची छोटी गाडी सासऱ्यांच्या नावावर आहे, तिला ११ वर्षं झाली. गावी जत्रेला निघालो की दरवेळी कुणीतरी एक जण एसटीने येतो, आणि बहुतेक वेळा ते सासरेच असतात. हे मला आता बघवत नाही, म्हणून सात सीटर घ्यायचं पक्कं केलंय. अर्टिगा आणि कॅरेन्स दोन्ही चालवून पाहिल्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तेव्हा चढ-उतार सोपी हवी. ऑन-रोड (कर, विमा सगळं धरून) १४ लाखांच्या आसपास बसवायचं आहे, त्यातलं ८ लाख कर्ज. गाडी माझ्या नावावर घेणार (मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे). दसऱ्याला दारात यावी अशी सासऱ्यांची इच्छा.

एका शोरूमने दिलेलं कोटेशन गोल आकड्यांत लिहिते. शोरूम आणि मॉडेल मुद्दाम सांगत नाही.

एक्स-शोरूम १२,००,०००
आरटीओ टॅक्स १,४४,०००
विमा ६२,०००
हँडलिंग ९,५००
अ‍ॅक्सेसरी पॅक २८,०००
वाढीव वॉरंटी १८,०००
टीसीएस १२,०००
फास्टॅग ६००
एकूण १४,७४,१००

सेल्समन म्हणतो, "मॅडम, एक्स-शोरूम कंपनीचा भाव आहे, त्यात आमच्या हातात काही नाही. फार तर मॅट फ्री देतो." हे खरं आहे का? आणि तसं असेल तर भाव करायचा तरी कशात?

रानवारा

आधी एक सांगा, टोकन दिलंत का? दिलं नसेल तर देऊ नका. बयाणा गेला की तुमचा फोन उचलायची घाई कुणाला नसते. मागच्या वर्षी आम्ही ११ हजार भरून बसलो आणि मग "स्कीम मागच्या महिन्यात संपली" असं ऐकायला मिळालं.

कृष्णाकाठ

नाही, अजून दिलेलं नाही.

चाकोरी

मी सहा वर्षं एका शोरूममध्ये विमा आणि फायनान्सच्या टेबलावर होतो. आता तो धंदा सोडलाय, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

सेल्समन म्हणतो ते अर्धं खरं आहे. एक्स-शोरूमचा आकडा, म्हणजे आरटीओ आणि विमा धरायच्या आधीची गाडीची किंमत, कंपनी ठरवते, पण त्यावर महिन्याची स्कीम असते: रोख सवलत, एक्स्चेंज बोनस, सरकारी नोकर किंवा शिक्षकांसाठीची सवलत, जुन्या स्टॉकवरची वेगळी सूट. तुम्ही शिक्षिका आहात हे त्याला सांगितलंत का? ओळखपत्र दाखवून थेट विचारा, "या महिन्याच्या स्कीममध्ये काय काय आहे, आणि त्याशिवाय तुमच्या मार्जिनमधून किती?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर द्यावंच लागतं. दुसऱ्याचं उत्तर मॅनेजरकडून येतं, म्हणून भावाचं बोलणं सेल्समनशी संपवू नका, मॅनेजरला टेबलावर बोलवा.

आता तुमच्या कोटेशनमधल्या ओळी बघू. आरटीओला हात लावता येत नाही. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के, त्यावर १३ टक्के. १२ लाखांवर १,४४,००० बरोबर आहे. डिझेलला याच टप्प्यांत १३, १४, १५ टक्के. टीसीएसही सरकारी आहे, १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का. पण हा खर्च नाही, आगाऊ भरलेला आयकर आहे. तुमच्या पॅनवर २६-एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या करनोंदीत) दिसेल, रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. हे पैसे मागायचे विसरलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत.

हँडलिंग मात्र सरळ नाकारा. तो कर नाही आणि कुठली सक्तीही नाही. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूममध्ये आलेला असतो. "ही ओळ कशासाठी, याची वेगळी पावती द्याल का?" एवढं शांतपणे विचारलं की बहुतेक ठिकाणी ती ओळ निघते. नंबरप्लेटचे वेगळे पैसे लावले तर तेही देऊ नका. एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला ती कंपनीनेच बसवून द्यायची आहे.

खरा पैसा विम्यात आहे. शोरूमची सगळ्यात मोठी कमाई तिथे आणि कर्जात असते. नव्या गाडीला ३ वर्षांचा थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा विमा) सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीला २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १०,६४० अधिक जीएसटी, १५०० च्या वर थेट २४,५९६. (इनोव्हा हायक्रॉस २ लिटरची, म्हणून तिचा विमा इथेच फुगतो.) तुम्ही पाहताय त्या अर्टिगाचं इंजिन १४६२ सीसी, कॅरेन्सचं १.५ लिटर पेट्रोल १४९७, दोन्ही खालच्या टप्प्यात. म्हणजे ६२ हजारांतले साडेबारा हजार सोडले तर बाकी सगळं ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि अ‍ॅड-ऑन (वरची जादा कव्हरं). त्यात घासाघीस होते, आणि भरपूर होते.

शोरूममधूनच विमा घ्या अशी सक्ती कुणालाही करता येत नाही. बाहेरून दोन कोटेशनं मागवा. मात्र आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) तीच, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्शन तेच, असं जुळवून तुलना करा. नव्या गाडीची आयडीव्ही एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात. कुणी ८५ धरून स्वस्त दाखवत असेल तर ती स्वस्ताई नव्हे. बाहेरचं कोटेशन समोर ठेवलं की शोरूमवाला स्वतःच खाली येतो. हजार-दोन हजारांचा फरक उरला तर मी म्हणेन शोरूमचाच घ्या, क्लेमच्या वेळी त्यांच्याच वर्कशॉपमध्ये फिरावं लागतं.

अ‍ॅक्सेसरी पॅक: मॅट, मडफ्लॅप, एवढंच. सीट कव्हर बाहेर निम्म्यात होतात. टेफ्लॉन आणि अंडरबॉडी कोटिंग नव्या गाडीला लागत नाही, पत्रा कारखान्यातच गंजरोधक होऊन येतो.

कर्जाबद्दल: पगार ज्या बँकेत येतो तिथला दर आधी लेखी घ्या, मग शोरूममधल्या माणसाशी बोला. ८ लाख, ५ वर्षं, ९ टक्क्यांनी हप्ता साधारण १६,६०७. साडेनऊने १६,८०२. महिन्याला १९५ रुपये ऐकायला किरकोळ वाटतात, पण एकूण ११,७०० होतात. "हप्ता किती परवडेल?" असं विचारलं तर उत्तर देऊ नका. तिथे आकडा दिलात की मुदत वाढवून सगळं त्यात बसवतात. तुम्ही फक्त एकूण रकमेवर बोला.

कृष्णाकाठ

इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. विम्याची ओळ मी वाचून सोडून दिली होती, सरकारीच असेल असं वाटलं. एक शंका. सासऱ्यांच्या गाडीवर ११ वर्षांत एकही क्लेम नाही. त्यांचा नो क्लेम बोनस नव्या गाडीला मिळेल ना?

चाकोरी

गाडी तुमच्या नावावर असेल तर नाही. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. सलग ५ वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजवर ५० टक्के सूट मिळते, जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून पत्र घेऊन ती नव्या गाडीला लावता येते. पण नाव तेच हवं. सासऱ्यांच्या नावावर घेतलीत तर पहिल्या वर्षी दहा-बारा हजार सहज वाचतील.

मीठभाकर

वाचतील, पण मी असं करू नका म्हणेन. आमच्या वडिलांच्या नावावर याच कारणासाठी गाडी घेतली होती. ते गेल्यावर वारसाची कागदपत्रं, भावंडांच्या सह्या, आरटीओच्या खेपा यात चार महिने गेले. शिवाय तुमचं कर्ज तुमच्या पगारावर आहे, मालक आणि कर्जदार एकच असलेला बरा. आजोबांना पुढच्या सीटचा मान द्या, कागद तुमच्या नावावर ठेवा.

जुन्या गाडीचं एक्स्चेंज करताना दोन आकडे वेगळे मागा: जुन्या गाडीची किंमत आणि एक्स्चेंज बोनस. दोन्ही एकत्र सांगितले की जुनी गाडी कितीला गेली हेच कळत नाही. गावातल्या दोन-तीन जुन्या गाडीवाल्यांना आधी दाखवा.

अजिंक्यतारा

मी साताऱ्याचा. आम्ही तीन शोरूमकडून कोटेशन घेतलं, सातारा, कोल्हापूर आणि पुणे. गाडी पुण्याहून घेतली, पासिंग साताऱ्याचंच, एमएच ११. सांगलीला तर कोल्हापूर तासाभरावर आहे, जरूर जाऊन या. आणखी एक, अर्टिगा बघताय तर रुमियनचंही कोटेशन घ्या. गाडी तीच, बिल्ला टोयोटाचा. दोन वेगळ्या कंपन्यांची शोरूम एकाच गाडीसाठी बोलू लागली की तुमचं काम सोपं होतं.

पण मला मुख्य सांगायचंय ते वेळेबद्दल. गणपती झाले की पितृपक्ष लागतो. ते पंधरा दिवस शोरूममध्ये शुकशुकाट असतो, आणि महिन्याचं टार्गेट तर कुणाला चुकत नाही. आम्ही त्याच दिवसांत भाव पक्का केला. आई म्हणाली, या दिवसांत नवी वस्तू घेत नाहीत. तिला सांगितलं, आता फक्त बोलणी, गाडी घटस्थापनेनंतरच घरी येईल. तिचंही मन राहिलं आणि आमचंही काम झालं. दसऱ्याच्या आठ दिवस आधी जाल तर भाव सोडाच, रंगसुद्धा मनासारखा मिळायचा नाही.

ओलाचिंब

सीएनजीचा विचार करताय का? टॅक्स कमी आहे, जुलै २०२५ मध्ये १ टक्का वाढल्यावरही ८, ९, १० टक्के. १२ लाखांच्या गाडीत पेट्रोलपेक्षा ३६ हजार वाचतात. पण अर्टिगाच्या डिकीत टाकी येते. तिन्ही रांगा भरून कोकणात गणपतीला निघालात तर बॅगा टपावर बांधाव्या लागतील. पेट्रोलमध्येसुद्धा तिसरी रांग उभी असताना २०९ लिटरच जागा आहे.

आणि मुलं लहान आहेत तर ट्रायबर ही छोटी सात सीटर एकदा बघाच. ४ मीटरच्या आत आणि ९९९ सीसी, म्हणून सप्टेंबर २०२५ पासून तिला १८ टक्के जीएसटी लागतो, तुम्ही बघताय त्या मोठ्या गाड्यांना ४० टक्के. घाटात भरलेली गाडी चढवताना इंजिन दमतं, हे मात्र स्वतः चालवून ठरवा. आंबा घाटात जाणार असाल तर माझं मत मोठ्या इंजिनाच्या बाजूने.

रानवारा

गाडी पासिंगला पाठवायच्या आधी यार्डात जाऊन बघा. एकदा नंबर पडला की परत करणं जवळजवळ अशक्य. चासी नंबरवरून निर्मितीचा महिना-वर्ष काढून मागा, तोच पुढे आरसीवर छापून येतो आणि विकताना त्यावरच भाव ठरतो. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष, तेही बघा. दिवसा उजेडात जा, पत्र्यावरचा पॉलिशचा डाग ट्यूबलाइटखाली दिसत नाही. गाडी सहा महिन्यांपूर्वीची निघाली तर घेऊ नका असं नाही, पण मग जुन्या स्टॉकची सूट मागा.

आणि सासूबाईंना घेऊन जा. मधल्या रांगेत त्यांना स्वतः चढू-उतरू द्या, शोरूममधल्या गुळगुळीत फरशीवर नको, बाहेर रस्त्याच्या कडेला.

कृष्णाकाठ

उशिरा लिहितेय, पण सगळं सांगून जाते.

सांगलीची दोन, कोल्हापूरचं एक अशी तीन कोटेशनं घेतली. पितृपक्षात कोल्हापूरला गेलो, खरंच शोरूममध्ये आम्हीच होतो. मॅनेजरना बोलवून घेतलं. मी वहीत सगळ्या ओळी लिहून नेल्या होत्या. हँडलिंगची वेगळी पावती मागितली, त्यांनी काही न बोलता त्यावर काट मारली. शिक्षक सवलत, रोख सवलत आणि त्यांच्या खिशातले थोडे मिळून २२ हजार कमी झाले. बाहेरचं विम्याचं कोटेशन ४४ हजारांचं होतं, त्यांनी ६२ वरून ४६ ला आणलं. चाकोरींचं ऐकून तिथलाच घेतला. मॅट, मडफ्लॅप आणि मागचा ट्रे मिळून साडेसहा हजार. वाढीव वॉरंटी तशीच ठेवली, कारण आम्ही गाडी दहा वर्षं वापरतो. साधारण १४ लाख ५ हजारांवर सौदा झाला, म्हणजे पहिल्या कोटेशनपेक्षा ६९ हजार कमी. टीसीएसचे १२ हजारांच्या आसपास रिटर्नमध्ये मागायचे आहेत, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली.

कर्ज पगाराच्या बँकेतूनच. पेट्रोल घेतली, डिकीसाठी. सासऱ्यांच्या बोनसचा मोह सोडला. जुनी गाडी एक्स्चेंजला न देता गावातच विकली, बोनस धरूनही शोरूमपेक्षा जास्त मिळाले.

पासिंगच्या आधी यार्डात गेलो तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. तीनदा चढल्या-उतरल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, वरचं हँडल जरा लांब पडतं. मेकॅनिककडून दाराच्या खांबाला एक जास्तीचं हँडल बसवून घ्यायचंय. सांगली-मिरजेत असं काम नीट करणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा.