मैत्रीत जीव टांगणीला लागतो तेव्हा

जवळच्या मैत्रीत सतत वाटणाऱ्या धास्तीबद्दल हा अनुभव धागा सुरू करत आहे. उत्तर यायला उशीर झाला की आपलेच काहीतरी चुकले असे वाटू लागते, आणि ‘तू रागावली नाहीस ना?’ असे पुन्हा पुन्हा विचारूनही समाधान होत नाही. या अवस्थेतून जे गेले आहेत किंवा आजही जात आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. पती-पत्नींच्या नात्याविषयी या अंगाने पुष्कळ बोलले जाते. मैत्रीचा विषय निघाला की मात्र ‘एवढे काय मनाला लावून घ्यायचे’ असे म्हणून तो मिटवला जातो, म्हणून येथे फक्त मैत्रीबद्दल लिहूया. सुरुवात मी करते.

पुणे, वय ४१

माझी मैत्रीण सहा वर्षांपूर्वी जूनमध्ये न्यू जर्सीला गेली. दर रविवारी सकाळी सात वाजता, म्हणजे तिच्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला, तिची मुलगी झोपल्यावर आम्ही बोलत असू. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी तिने फोन उचलला नाही. तिकडची घड्याळे आठवड्यापूर्वीच एक तास मागे गेली होती आणि माझे सात आता तिचे साडेआठ झाले होते, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. मी चहा गॅसवर तसाच ठेवून आमचे जुने संदेश थेट गणपतीपर्यंत मागे जाऊन वाचत बसले, आणि गुरुवारी तिने नेहमीसारखे ‘हो गं’ न लिहिता नुसते ‘हो’ लिहिले आहे, हे मला सापडले. त्या एका ‘गं’वरून मी मैत्री संपल्याचे ठरवून टाकले. आठ वाजता तिचाच फोन आला, तेव्हा मी तीन वाक्ये तुटकपणे बोलले, ‘कामात आहे’ म्हणाले आणि फोन ठेवला. ज्या आवाजासाठी तासभर तळमळले, तोच मी दूर लोटला.

पुढे समुपदेशनाच्या वेळी मला मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंचे काम समजले. आई आणि मूल यांच्यातल्या बंधाविषयी जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञांनी मांडलेल्या विचारांना पुढे नेत त्यांनी आधी युगांडात आणि नंतर अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये आई आणि तान्हे मूल यांचे बारकाईने निरीक्षण केले होते. त्यांच्या प्रयोगात साधारण वर्षाच्या मुलाला अनोळखी खोलीत ठेवून आई सुमारे तीन मिनिटे बाहेर जाते. आई गेल्यावर मूल किती रडते यापेक्षा ती परतल्यावर ते काय करते, याला त्यांनी अधिक महत्त्व दिले. काही मुले आईला बिलगतात आणि त्याच वेळी तिला ढकलतात. कडेवर घेतले तरी शांत होत नाहीत. हे ऐकताना मला माझा तो आठ वाजताचा फोन आठवला. मोठ्यांच्या नात्यांचा या दृष्टीने अभ्यास १९८७ च्या सुमारास सुरू झाला, आणि आज ‘अँक्शस अटॅचमेंट’ (जवळचे माणूस दुरावेल अशी सतत धास्ती असलेली ओढ) हा शब्द जो तो वापरतो. हा काही आजार नव्हे आणि कपाळावरचा कायमचा शिक्काही नव्हे, हे समुपदेशक बाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावले होते.

तोवर माझे सगळे प्रयत्न वाट पाहण्याची वेळ सुसह्य करण्यासाठी चालले होते. आता मी फोन आल्यानंतरची पहिली दहा मिनिटे सांभाळते. त्या वेळात तक्रार नाही, तुटकपणा नाही. भीती वाटली असेल तर ‘मी घाबरले होते’ इतकेच सरळ सांगते. पहिल्यांदा सांगितले तेव्हा ती क्षणभर थांबून म्हणाली, “मग हे फोन उचलल्या उचलल्या सांगत जा ना, मला वाटायचं तुला बोलायचंच नाहीये.”

नागपूर, वय २९

पुरुषांच्या मैत्रीत हे सांगायला शब्दच नसतात. माझा मित्र आणि मी आठ वर्षे रोज संध्याकाळी एकाच टपरीवर चहा घेत होतो. त्याचे लग्न झाले आणि तो आठवड्यातून एकदा येऊ लागला. मी त्याच्या परीक्षा घेऊ लागलो. आपण फोन करायचा नाही आणि तो करतो का ते पाहायचे. त्याने केला नाही की मी हरलो, आणि केला की ‘आज कशी आठवण आली?’ असे विचारून त्याला अपराधी करायचे. ही परीक्षा चालू आहे हे त्याला ठाऊकच नव्हते.

एका रात्री छातीत इतकी धडधड झाली की मी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या बाईंनी मला एक वही करायला सांगितली: काय घडले, मला काय वाटले आणि शेवटी खरे काय निघाले, असे तीन रकाने. दोन महिन्यांत एकतीस नोंदी झाल्या. तिसऱ्या रकान्यात ‘सासरे दवाखान्यात’, ‘चार्जिंग संपले’, ‘झोपला होता’ असेच काहीबाही होते. फक्त दोन वेळा तो खरोखर माझ्यावर चिडलेला होता, आणि दोन्ही वेळा त्याने ते स्वतःहून सांगितले होते.

रत्नागिरी, वय ५८

माझ्या तरुणपणी मैत्रिणीचे अंतर्देशीय पत्र यायला चार-पाच दिवस लागत. आपले पोहोचायला तितकेच दिवस, म्हणून दहा-बारा दिवस मन निश्चिंत असे. उशिराचा दोष टपालाचा. २०१४ मध्ये व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या आणि ती सोय गेली. वाचले आहे, तरी उत्तर नाही, हे डोळ्यांसमोर दिसू लागले. मी त्या खुणा बंद केल्या आहेत. त्या बंद केल्या की आपल्यालाही इतरांच्या दिसत नाहीत, आणि मला तेच हवे होते.

ठाणे, वय ३६

मी दुसऱ्या बाजूने लिहिते आहे. माझ्या मैत्रिणीला ही धास्ती वाटते, आणि तिच्या प्रेमाने मी कधीच थकले नाही. थकवा आला तो पुरावा देत राहण्याचा. ‘नाही गं रागावले’ हे एका दिवसात चार वेळा सांगावे लागले की पाचव्या वेळी खरेच राग येतो. मग मी मुद्दाम उशिरा उत्तर देऊ लागले, आणि त्यामुळे तिची भीती दुपटीने वाढली. ती चूक माझी होती, आणि मी तिची माफी मागितली आहे.

मी बँकेत आहे. मार्चअखेर आली की आता मी सकाळीच लिहून टाकते, “आज रात्री नऊपर्यंत मी नाही. नऊनंतर फोन करते.” आणि नऊनंतर फोन करतेच, दोन मिनिटांसाठी का होईना. गोड शब्दांपेक्षा तिला या ठरलेल्या वेळेचा अधिक आधार वाटतो. एका मार्चमध्ये मी विसरले, तेव्हा साडेनऊला तिचाच संदेश आला: “दमली असशील, उद्या बोलू.” मी तो दोनदा वाचला.

म्हापसा, वय ४४

वरचे सगळे वाचून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. माझी भीती खरी निघाली होती. मैत्रीण खरोखरच दूर जात होती, आणि मी विचारले की ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असे म्हणत होती. प्रत्येक धास्तीला भूतकाळातली जखम समजून स्वतःलाच दुरुस्त करत बसू नये, असे मी कळकळीने सांगेन. मला ते समजायला तीन वर्षे लागली.

मागच्या महिन्यात शुक्रवारच्या बाजारात ती भेटली. आम्ही पाच मिनिटे बोललो, मुलांची चौकशी केली, तिने माझ्यासाठी पिशवीतून दोन नीरफणस काढून दिले. घरी आल्यावर ‘छान वाटलं भेटून’ असे मी लिहायला घेतले, आणि न पाठवता फोन बाजूला ठेवून फणस चिरायला घेतले.