दामोदर: पैसा नव्हे, दावं

बाळाचं नाव दामोदर ठेवायचं म्हटल्यावर एकांनी त्याचा अर्थ ‘दाम पोटात असलेला’, म्हणजे श्रीमंत, असा लावलाय. तो दाम वेगळा. पैशाचा दाम आला द्राख्मा या ग्रीक नाण्यापासून, द्रम्म या रूपातून. नावातला शब्द संस्कृत दामन्, म्हणजे दोरी. गुरांचं दावं तेच! यशोदेनं खोड्या काढणाऱ्या कृष्णाच्या पोटाला दावं बांधून त्याला उखळाला अडकवलं, म्हणून दाम-उदर. संध्या करताना घ्यायच्या विष्णूच्या चोवीस नावांत हे बारावं, आणि कार्तिक महिना याच नावाचा.

पण गंमत पुढे आहे. गिरगावात आमच्या चाळीत एका गोव्याकडच्या घरात दर पिढीत एक दामू असायचाच. मी त्यांना कट्टर कृष्णभक्त समजत होतो. मग कळलं, त्यांचा दामोदर जांबावलीचा, आणि तो चक्क शंकर! मूळ मडगावचं हे दैवत पोर्तुगीज काळात जांबावलीला हलवलं. त्यामुळे नुसत्या व्युत्पत्तीवर जाऊ नका, आधी घरचं कुलदैवत विचारा.

बाकी बाळाचं नाव खुशाल ठेवा. फक्त शाळेत त्याचा ‘दाम्या’ होणार, हे धरून चाला.